‘यांना बाहेरून पैसे येतात’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी सांगतो. नदी आणि टेकडी वाचवण्याच्या आंदोलनात तुमचा ग्रुप काही वर्षं काम करतोय, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ‘यांच्यामागे परदेशी फंडिंग आहे’ असा मेसेज टाकला, त्याखाली ओळखीच्या काकांनी ‘काहीतरी असल्याशिवाय लोक बोलत नाहीत’ असं लिहिलं, आणि आता तुमच्यातल्याच दोघातिघांना वाटायला लागलंय की खरंच आपल्याला कुणी वापरून घेत नाहीये ना. हे तपासायचं कसं आणि लोकांना सांगायचं काय.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, पुण्यातच प्रॅक्टिस, पंचवीसेक वर्षं मुख्यतः ट्रस्ट आणि सामाजिक संस्थांची ऑडिट करतोय, त्यातल्या बऱ्याच एफसीआरएवाल्या, म्हणजे परदेशी देणगी घेणाऱ्या. जरा लांबच लिहितोय, कारण या विषयातल्या अर्धवट माहितीने चांगल्या लोकांचं नुकसान होताना पाहिलंय.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पैसा कुठून आला हा एक, आणि आंदोलन जे म्हणतंय ते खरं आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पासबुकात आणि ऑडिट रिपोर्टमध्ये मिळतं. दुसऱ्याचं उत्तर नदीवर जाऊन, पूररेषेचे नकाशे बघून, पर्यावरण मंजुरीची कागदपत्रं वाचून मिळतं. नदीकाठ सुधार प्रकल्पाने मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या काठावर पात्र अरुंद होतं की नाही, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर ते कुठे शिरणार, हे प्रश्न तुमच्या ग्रुपला कुणी डॉलर दिले तरी तेच राहतात आणि एक रुपया नाही दिला तरी तेच राहतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा ज्यांचे संसार भिजले त्यांना या चर्चेचा काही उपयोग नव्हता. फंडिंगचा आरोप झाला की लोक दुसरा प्रश्न विचारायचं सोडून देतात आणि पहिल्यावरच भांडत बसतात, तुमच्या ग्रुपवर नेमकं तेच झालंय.

आता पहिला प्रश्न, कारण तोही रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही.

परदेशातून देणगी घेण्याचा कायदा म्हणजे एफसीआरए. तो पहिल्यांदा १९७६ मध्ये आणीबाणीत आला, नंतर २०१० चा नवा कायदा झाला जो १ मे २०११ पासून लागू आहे, आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात फार कडक बदल झाले. आजची परिस्थिती अशी की परदेशी पैसा घ्यायचा तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, नोंदणी पाच वर्षांची, पैसा फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरणार, पदाधिकाऱ्यांचे आधार द्यायचे, ऑफिस-पगार वगैरे प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा तो आता २० टक्के, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही म्हणजे नाहीच. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४ रिटर्न. मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये हे २०२० चे बदल मुख्यतः कायम ठेवले.

हे एवढं सांगायचं कारण की ‘बाहेरून गुपचूप पैसे येतात’ असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर जे चित्र असतं ते कायदेशीर मार्गाने येणाऱ्या पैशाला लागू पडत नाही. तो पैसा देशातल्या सगळ्यात जास्त पाळत असलेल्या पैशांपैकी आहे. गुपचूप आणायचाच असेल तर हवाला आहे, बोगस कन्सल्टन्सीची बिलं आहेत, आणि तो शोधणं हे ईडीचं आणि पोलिसांचं काम, सोसायटीच्या ग्रुपवर तो सापडत नाही. जो म्हणतो फंडिंग आहे त्याला शांतपणे विचारा की कुणाकडून, कुणाच्या खात्यात, कधी, किती. यातलं एकही नसेल तर तो आरोप झाला नाही, फक्त बदनामी झाली.

आणि संस्था तपासायची असेल तर तपासता येते. पूर्वी एफसीआरएच्या सरकारी वेबसाइटवर कुठल्याही संस्थेचं वार्षिक रिटर्न कुणालाही उघडून बघता यायचं, मी स्वतः नव्या क्लायंटचं काम घ्यायच्या आधी तिथे बघायचो. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने ते काढून टाकलं. माझ्या मते हे फार चुकीचं झालं. संशय घ्यायचा आणि संशय मिटवणारा कागद लोकांपासून काढून घ्यायचा हे एकत्र चालत नाही. तरीसुद्धा मार्ग आहेत. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेने ऑडिट झालेले हिशेब वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत आपल्या किंवा सरकारने सांगितलेल्या वेबसाइटवर टाकायचे असतात, ते बघा. महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयात त्याचे हिशेब आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याच्या नोंदी) असतात, अर्ज करून फी भरून नक्कल मागता येते. विश्वस्त कोण, वर्षाला किती आले, कशावर गेले, एवढं कळलं तरी निम्म्या अफवा तिथेच संपतात.

तुमच्या बाबतीत मला धोका वेगळाच दिसतो. तुमचा ग्रुप नोंदणीकृत नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड फिरवून तुम्ही पोस्टर, मांडव, वकिलाची फी यासाठी पैसे जमवता. पुण्यात घरटी एकजण परदेशात आहे. समजा एका आजोबांचा मुलगा एच-वन-बी वर अमेरिकेत आहे, पासपोर्ट भारतीय, त्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाच हजार पाठवले तर ती परदेशी देणगी नाही. पण त्याच घरातली मुलगी अमेरिकन नागरिक झालीये, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, जन्म कमला नेहरू हॉस्पिटलचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती परदेशी स्रोत आहे. तिने सुट्टीत इथे आल्यावर रुपयांत पाचशे दिले तरीसुद्धा ती परदेशी देणगीच होते, चलन कुठलं याला महत्त्व नाही. आणि तुमच्या ग्रुपकडे नोंदणी नाही. म्हणजे तुम्हाला कुणीही वापरून न घेता, कसलाही कट नसताना, अशा एका मुलीच्या प्रेमाच्या पाचशे रुपयांमुळे तुमच्यावर खरोखरच आरोप लागू शकतो, आणि मग त्या काकांचं म्हणणं ‘सिद्ध झालं’ असा मेसेज फिरेल. मी आंदोलनवाल्यांना पहिल्यांदा हेच सांगतो, की क्यूआर कोडच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा, देणगी फक्त भारतीय नागरिकांकडून स्वीकारली जाईल, आणि नाव, फोन, नागरिकत्व विचारल्याशिवाय पैसे घेऊ नका. निनावी आलेली रक्कम परत करा. परत करता येत नसेल तर वापरू नका, बाजूला ठेवा आणि सल्ला घ्या.

नातेवाईकांमधला अपवाद आहे, पण तो वैयक्तिक भेटीसाठी. मुलीने आईला घरखर्चाला पाठवलेले पैसे चालतात, वर्षाला दहा लाखांपर्यंत तर कळवावंही लागत नाही. आईने ते आंदोलनाला दिले तर वाद निर्माण होतो, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. कंपनीच्या सीएसआरबद्दलही, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशाबद्दलही, लोक विचारतात. हिंजवडी-चाकणमधल्या बऱ्याच कंपन्यांची मालकी बाहेरची असते, पण परकीय गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत असलेली भारतीय कंपनी २०१६ च्या दुरुस्तीनंतर परदेशी स्रोत धरत नाहीत. अर्थात प्रकल्पाला विरोध करणाऱ्या आंदोलनाला कुठली कंपनी सीएसआर देत नाही, तो भाग वेगळा.

ती २०१६ ची दुरुस्ती कशी आली हेही सांगतो. मार्च २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की भाजप आणि काँग्रेस दोन्ही पक्षांनी वेदांता गटातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी देणगीचा कायदा मोडलाय. राजकीय पक्षांना परदेशी पैसा पूर्ण बंद आहे, नोंदणी वगैरे काही नाही, बंदच. मग २०१६ च्या फायनान्स अ‍ॅक्टने परदेशी स्रोताची व्याख्या मागच्या तारखेपासून बदलली, तरी जुन्या कायद्याखालचा काळ उरला, म्हणून २०१८ च्या फायनान्स अ‍ॅक्टने ती सवलत थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. आणि दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, संस्थांसाठी कायदा आवळला. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. वेल्हे-मुळशीच्या गावांत आरोग्याचं काम करणाऱ्या छोट्या गटाला मोठ्या संस्थेकडून मिळणारे दोन-तीन लाख एका कलमाने थांबले, नर्सताईंचा पगार थांबला, आणि पक्षांसाठी चाळीस वर्षं मागे जाऊन माफी.

आता इतिहास. ‘परदेशी हात’ हा शब्द कुठल्या एका पक्षाचा नाही. इंदिराबाईंच्या काळात जेपींच्या आंदोलनावर हाच संशय होता, १९८२ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानसारख्या संस्थांची चौकशी करायला कुदाल आयोग नेमला. कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाविरुद्ध मच्छीमार उभे राहिले तेव्हा २०१२ मध्ये मनमोहन सिंगांनी अमेरिका आणि स्कँडिनेव्हियातून पैसा घेणाऱ्या संस्थांकडे बोट दाखवलं. २०१४ मध्ये गुप्तचर विभागाचा अहवाल फुटला, त्यात अशा संस्थांमुळे जीडीपीची वाढ दोन ते तीन टक्क्यांनी घटते असा दावा होता. त्यानंतर ग्रीनपीस इंडियाची नोंदणी गेली, आणि त्यांच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना ११ जानेवारी २०१५ ला लंडनच्या विमानातून उतरवलं, तर दोनच महिन्यांत दिल्ली हायकोर्टाने ती कारवाई रद्द केली. जो सत्तेत असतो त्याला हे सोयीचं पडतं एवढंच यातून दिसतं.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे, संशय कायम निराधार असतो असं नाही. कल्चरल फ्रीडमच्या नावाने जगभर लेखक-विचारवंतांची जी मोठी संस्था चालायची आणि तिची भारतातही समिती होती, तिच्यामागे सीआयएचा पैसा होता हे १९६७ च्या सुमारास उघड झालं. भारतात अमेरिकेचे राजदूत राहिलेले मॉयनिहान यांनी १९७८ मध्ये लिहून ठेवलं की सीआयएने दोन वेळा, केरळ आणि बंगालमधल्या निवडणुकांसाठी, काँग्रेसला पैसा दिला. यातली गंमत नाही तर गंभीर गोष्ट अशी की परदेशी सरकारांना जेव्हा खरंच काही करून घ्यायचं होतं तेव्हा ते पक्षांकडे, विचारवंतांकडे, निर्णय घेणाऱ्यांकडे गेले. टेकडीवर झाडाला राखी बांधणाऱ्यांकडे जाऊन त्यांना काय मिळणार?

मला सगळ्यात शिकवून जाणारं उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचं वाटतं. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. मागणी काय होती, तर पगारकपात नको, एका विणकराच्या गळ्यात दोनाऐवजी तीन माग नकोत. त्या संपाला रशियातल्या कामगार संघटनांकडून पैसा आला होता, हे खरं आहे. सरकारने परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्यासाठी पब्लिक सेफ्टी बिल आणलं, २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड करून मीरत कटाचा खटला उभा केला, त्यात डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे आपले लोक होते आणि तीन इंग्रजही होते. ८ एप्रिलला असेंब्लीत अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल त्या बिलावर निर्णय द्यायला उभे राहिले त्याच वेळी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकला. आता सांगा, मॉस्कोहून पैसे आले म्हणून तीन मागांवर उभ्या विणकराचे पाय दुखायचे थांबले होते का? संप मिटवताना सरकारला फॉसेट समिती नेमून त्याच तक्रारी ऐकाव्या लागल्या. पैसा बाहेरचा होता, तक्रार घरची होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. हे ज्याला पचतं त्याच्याशीच या विषयावर बोलण्यात अर्थ आहे.

एन्रॉन आठवतंय का तुम्हाला, दाभोळचा वीजप्रकल्प आणणारी अमेरिकन कंपनी? बहुधा तुम्ही लहान असाल. गुहागरच्या गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं, लाठ्या खाल्ल्या त्यांनी. आणि त्याच काळात, १९९५ मध्ये, एन्रॉनच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की कंपनीने भारतीयांना या प्रकल्पाबद्दल ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केलेत. परदेशी प्रभाव म्हणायचा तर हा. आपल्या पुण्यातल्या प्रयास संस्थेने तो वीजखरेदी करार आकडा न आकडा तपासून वीज किती महाग पडणार ते दाखवलं होतं, आणि २००१ मध्ये वीज मंडळाला ते पैसे देणं जमेना, प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. बारसूच्या रिफायनरीतही सौदी आणि अबुधाबीच्या तेल कंपन्यांची भागीदारी ठरलेली होती. म्हणून माझं म्हणणं, बाहेरचा हात शोधायचाच तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना शोधा.

आणि बाहेरचा पैसा म्हणजे कट, असंही धरू नका. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प, ११ मैलापाणी केंद्रांचा, जपान सरकारच्या जायका या मदतसंस्थेच्या कर्जातून आहे. पुणे मेट्रोला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकाससंस्थेचं कर्ज आहे. म्हणून मेट्रो कुणाचा डाव ठरत नाही. अटी काय, निर्णय कुणाच्या हातात, हे मात्र तिथेही विचारायला हवं आणि संस्थांनाही विचारायला हवं.

निर्णय कुणाच्या हातात, मला ऑडिटमध्ये हाच प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो. परदेशी डोनरचा प्रभाव मी पाहिलाय, पण तो लोकांना वाटतो तसा नसतो. कुणी फोन करून मोर्चा काढा म्हणत नाही. होतं असं की संस्था वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर काम करत असते, डोनरचा त्या वर्षीचा विषय हवामानबदल असतो, मग प्रपोजल त्या भाषेत लिहिलं जातं, पुढच्या वर्षी विषय बदलतो, प्रपोजल बदलतं, चार वर्षांनी वस्तीत जाणारी ताई दिवसभर लॅपटॉपवर रिपोर्ट भरत बसलेली असते आणि पाण्याचा प्रश्न तिथल्या तिथेच. देशी सीएसआरनेही हेच होतं, तिथे तर कंपनीला अडचणीचा विषय असेल तर संस्था आपणहून गप्प बसते. तेव्हा तुमच्यातल्या ज्यांना शंका येतेय त्यांनी हे बघावं की तुमच्या मागण्या कुठे ठरतात. काठावर राहणाऱ्यांच्या बैठकीत ठरत असतील तर तुम्हाला कुणी वापरत नाहीये. तयार मजकूर, तयार पोस्टर, तयार घोषणा बाहेरून येत असतील आणि कुठून येतात ते कुणालाच माहीत नसेल, तर पैसा देशी असला तरी थांबून विचारा.

एक कोर्टाचा निकाल जवळ ठेवा. एफसीआरएच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो करणाऱ्या संघटनेला राजकीय स्वरूपाची ठरवायची सोय होती, म्हणजे तिचा परदेशी पैसा बंद. सुप्रीम कोर्टाने ६ मार्च २०२० ला इन्साफ या संघटनेच्या केसमध्ये सांगितलं की पक्षीय किंवा सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या, लोकांच्या हक्कांसाठी असे मार्ग वापरणाऱ्या संघटनेला हे लावता येणार नाही. रस्त्यावर उतरलं म्हणून कुणी संशयित होत नाही, हे वाक्य आता माझं नाही, कोर्टाच्या निकालाचा अर्थच तो आहे.

आकडे आले की कागद मागायची सवय लावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की भारतातलं मतदान वाढवायला ठेवलेले २.१ कोटी डॉलर रद्द केले. आपल्याकडे लगेच दोन्ही बाजूंनी एकमेकांवर तुटून पडले, माझ्याही कुटुंबाच्या ग्रुपवर. आठवड्याच्या आत इंडियन एक्स्प्रेसने नोंदी काढून दाखवलं की ती रक्कम २०२२ मध्ये बांगलादेशसाठी मंजूर झालेली होती. तोपर्यंत लोकांनी एकमेकांना देशद्रोही म्हणून झालं होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालू नका. तुमचा जमाखर्च एका पानावर टाका, किती जमले, किती जणांकडून, मांडवाला किती, वकिलाला किती, शिल्लक किती, आणि त्या काकांना सांगा की रविवारी या, पावत्या बघा. वैयक्तिक खात्यावरून आंदोलनाचे पैसे लगेच काढा, दोघांच्या सहीचं वेगळं खातं उघडा, एखाद्या सीएकडून वर्षाला तपासून घ्या, ओळखीतला कुणीही आनंदाने करेल. परदेशातलं विद्यापीठ किंवा पत्रकार माहिती विचारत असेल तर माहिती देणं गुन्हा नाही. कुणी परिषदेला तिकीट-राहणं देऊन बोलावलं तर तुमच्यातला सरकारी नोकर, महामंडळाचा कर्मचारी, न्यायाधीश, निवडून आलेला लोकप्रतिनिधी किंवा राजकीय पक्षाचा पदाधिकारी असेल त्याला आधी केंद्राची परवानगी लागते, बाकीच्यांना या कलमाखाली लागत नाही, पण पत्र आणि खर्च कुणी केला त्याचा कागद फाइलला लावून ठेवा.